४७ जी/१०: चिपळूण ते वासोटा, एका कागदावर

वासोटा किल्ल्याला बामणोलीहून बोटीने जाणाऱ्याला नकाशा लागत नाही, बोटवाला नेऊन सोडतो. कोकणातून, म्हणजे खेड तालुक्यातल्या चोरवणे गावावरून नागेश्वरच्या अंगाने वर चढणाऱ्याला मात्र लागतो. तसाच तो चिपळूणच्या पूर्वेकडच्या खोऱ्यांत पाणी योजना आखणाऱ्यांना, डोंगरात हरवलेल्यांना शोधायला जाणाऱ्या गटांना आणि घाटवाटांचा अभ्यास करणाऱ्यांनाही लागतो. या सगळ्यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारा नकाशा) ४७ जी/१० आजही पहिली पसंती आहे. डोंगर कसा आहे हे ती सांगते तेवढ्या नेमकेपणाने मोबाइलवरचा कुठलाही फुकट नकाशा सांगत नाही. डोंगरात माणसाने काय केले आहे, याबाबत मात्र तिच्यावर जपूनच भरवसा ठेवावा. वाटा, वाड्या, झाडोरा, रस्ते यांपैकी जे जे माणसाच्या हातचे, ते कागदावर जुने असू शकते. ही विभागणी डोक्यात पक्की असेल तर शीट उत्तम काम देते. ती नसेल तर हीच शीट माणसाला कारवीच्या रानात नेऊन अडकवते.

आधी शीटचा आवाका. उत्तर अक्षांश १७°३०' ते १७°४५' आणि पूर्व रेखांश ७३°३०' ते ७३°४५', म्हणजे पंधरा मिनिटांचा चौकोन. जमिनीवर हा साधारण २७.७ किमी उंच आणि २६.५ किमी रुंद, सुमारे ७३० चौरस किमी. कागदावर ५५ सेंमी बाय ५३ सेंमी. नैर्ऋत्य कोपऱ्यात चिपळूण, मध्यातून सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेला कोयनेचे खोरे. चिपळूण अगदी कडेला आल्यामुळे एक गैरसोय होते. बाजारपेठेपासून शीटची पश्चिम कड दीडेक किलोमीटरवर आहे, म्हणून गोवळकोटच्या दिशेने सरकलात की ४७ जी/६ काढावी लागते. पोफळी आणि कुंभार्ली घाट दक्षिणेच्या ४७ जी/११ वर. बामणोली पूर्वेच्या ४७ जी/१४ वर. उत्तरेला मकरंदगड-महाबळेश्वरकडे जायचे तर ४७ जी/९. शीटचे अंक वरून खाली आणि मग उजवीकडे असे जातात, त्यामुळे १० च्या खाली ११ आणि शेजारी १४. एकदा हे कळले की शेजारची शीट शोधायला तक्ता उघडावा लागत नाही.

नव्या पद्धतीत याच शीटचा क्रमांक ई४३एन१० असा येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या, संरक्षण खात्यासाठी एक आणि सर्वांसाठी खुली दुसरी. खुल्या मालिकेला सगळे ओएसएम (ओपन सीरिज मॅप) म्हणतात. कोकणवाल्यांना या धोरणाचे मोल जास्त, कारण त्याआधी किनाऱ्यापासून सुमारे ८० किमी पट्ट्यातल्या टोपोशीट निर्बंधित होत्या, आणि कोकणाचा बहुतेक भाग एवढा रुंद नाही. म्हणजे पालघरपासून सावंतवाडीपर्यंतचा जवळजवळ सगळा मुलूख त्यात जायचा, वर बराचसा घाटमाथाही. आज ओएसएमची पीडीएफ विभागाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवरून उतरवता येते. नोंदणी करायची, शीट क्रमांक टाकायचा आणि फाइल घ्यायची. गटांमध्ये फिरणाऱ्या जुन्या निर्बंधित शीटच्या स्कॅनच्या वाटेला जाऊ नये. एक तर तो नियमभंग, आणि दुसरे म्हणजे त्यांचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, वेगळा. त्याचा घोळ पुढे येतोच आहे.

फाइल हातात आल्यावर पहिली अडचण छपाईची. झेरॉक्सच्या दुकानात प्लॉटर असतो आणि चालवणारा सवयीने ‘फिट टू पेज’ दाबतो. शीट तीन-चार टक्क्यांनी आक्रसते, नजरेला काहीच कळत नाही, आणि मग प्रत्येक अंतर चुकते. ‘अॅक्च्युअल साइज’ किंवा शंभर टक्के असे स्पष्ट सांगावे आणि दुकानातच पट्टी लावून बघावे. नकाशाखालच्या स्केलपट्टीवर १० किमी म्हणजे बरोबर २० सेंमी भरले पाहिजेत. १९.४ सेंमी भरले तर परत काढायला लावावे. मजकुराच्या कडा धरून शीट ए-वन कागदावर बसते.

कागद कोणता, हा कोकणात गंभीर प्रश्न आहे. साधा ८० जीएसएम कागद ऑक्टोबरच्या दमट हवेतही दुपारपर्यंत लोळागोळा होतो. इंकजेट प्लॉटरची डाय शाई घामाच्या बोटानेसुद्धा पसरते आणि नेमक्या तपकिरी रेषा हिरव्यात मिसळतात. लेझर किंवा पिगमेंट शाईने, न फाटणाऱ्या सिंथेटिक कागदावर छापून घ्यावे. लॅमिनेशन करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. घडीवर ते तडकते, तडकेतून पाणी आत जाते आणि मग कागद आतल्या आत कुजतो. शिवाय त्यावर पेन्सिल चालत नाही. त्यापेक्षा लागणारा भाग ए-थ्रीवर छापून झिपवाल्या जाड प्लास्टिक पिशवीत ठेवलेला बरा. ए-थ्रीत साधारण १५ बाय २१ किमी मावतात, एका मोहिमेला पुरेसे.

काही जण तोच भाग दुप्पट करून १:२५,००० वर छापतात. डोळ्यांना सोपे पडते हे खरे. पण कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, २० मीटरचेच राहतात. अक्षरे मोठी होतात, माहिती तेवढीच राहते. दुप्पट केलेल्या प्रतीवर ठळक अक्षरांत ‘१ किमी = ४ सेंमी’ लिहून ठेवावे, नाहीतर गटातला दुसरा माणूस २ सेंमी धरून चालतो.

आता शीटचा खरा गाभा, कंटूर. दोन रेषांमध्ये २० मीटर उंची, दर पाचवी रेषा जाड म्हणजे १०० मीटर. चोरवणे-तिवरे पट्ट्यात गावे डोंगराच्या मुळाशी आहेत आणि वर धार हजार मीटरच्या पुढे जाते, वासोटा तर ११७१ मीटर. या चढावर रेषा इतक्या दाटतात की नुसत्या नजरेने मोजता येत नाहीत. भिंग घ्या आणि जाड रेषा मोजा, बारीक रेषांच्या नादी लागू नका. दोन रेषांतले अंतर १ मिमी असेल तर जमिनीवर ते ५० मीटर, उतार साधारण २२ अंश, म्हणजे दमछाक होईल पण चालता येईल. अर्धा मिमी म्हणजे २५ मीटर, उतार ३९ अंश, इथे हात टेकायला लागतात. ०.३ मिमी म्हणजे १५ मीटर, ५३ अंश, तिथे वाट नाहीच असे समजून दुसरी सोंड (डोंगराचा खाली उतरत गेलेला फाटा) बघावी. रेषा एकमेकींना चिकटून तपकिरी पट्टा झाला असेल किंवा कड्याची खूण असेल तर प्रश्नच मिटला.

पण सह्याद्रीत एक गोची आहे, आणि बाहेरून येणारे हमखास तिथे फसतात. आपला डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. एक कातळाची पायरी, वर झाडीचा पदर, परत पायरी. ही पायरी बारा-पंधरा मीटरची असू शकते, आणि २० मीटरच्या दोन कंटूरमध्ये ती अख्खी लपते. नकाशावर उतार सुरळीत ४० अंशांचा दिसतो. जागेवर पाच मिनिटे निवांत पदरावरून चालणे, मग समोर सरळ कातळभिंत. तीन मजली घराएवढी भिंत नकाशाच्या लेखी नसतेच. म्हणून कोकणकड्याच्या, म्हणजे धारेच्या कोकणाकडे तुटलेल्या बाजूच्या, अंगावर नकाशा बघताना रेषांमधल्या सरासरीवर जाऊ नका, रेषांची लय बघा. जिथे दोन-तीन रेषा एकदम जवळ आणि मग एक रुंद फट, परत जवळ, परत फट, असे दिसते तिथे फट म्हणजे पदर आणि दाटी म्हणजे कातळ. पदरावर आडवे चालून कातळ कुठे फुटलाय ते शोधावे लागते. तो बहुतेक वेळा नळीत (अरुंद घळीत) किंवा सोंडेच्या नाकावर फुटलेला असतो. जुन्या घाटवाटा याच जागांनी गेल्यात.

नळी आणि सोंड नकाशावर ओळखण्यात नवखे उलटे करतात. कंटूरची टोके उंचीकडे रोखलेली असतील तर ती नळी किंवा ओढा, उताराकडे रोखलेली असतील तर सोंड. खात्री हवी तर जवळच्या ओढ्याची रेघ बघा, ती कायम नळीतूनच जाते. उतरताना हे विशेष लक्षात ठेवावे. धुक्यात सोंड सोडून माणूस नकळत नळीत उतरतो, सुरुवातीला ती सोपी वाटते, आणि शे-दोनशे मीटर खाली धबधब्याचा कडा निघतो. नकाशावर कड्याजवळ किंवा बांधाजवळ कधी छोट्या आकड्याला चिकटलेले ‘आर’ अक्षर दिसते. ती सापेक्ष उंची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. म्हणजे तिथे बारा लिहिले असेल तर त्या जागची बारा मीटरची उडी. ओढ्यावर असा आकडा दिसला तर ती नळी उतरण्यासाठी नाही.

पाण्याबाबत शीट बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, पण तिची भाषा समजली पाहिजे. बारमाही प्रवाह निळे, पावसाळा सरला की सुकणारे काळे. चिपळूणच्या पूर्वेचे बहुतेक पऱ्ये काळेच दिसतात आणि ते बरोबरच आहे. डिसेंबरनंतर काळ्या रेघेवर पाण्याची आशा धरू नये. निळ्या रेघेवरही एप्रिल-मेमध्ये वरच्या अंगाला खात्री देता येत नाही, खाली डोह सापडतो. गडावरची टाकी या प्रमाणावर दाखवली जात नाहीत. कोयनेच्या जलाशयाची कड नकाशावर एका ठरावीक पातळीला काढलेली असते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, किनारा शेकडो मीटर आत सरकतो, आणि नकाशावर ‘पाण्याकाठी’ दिसणारी जागा प्रत्यक्षात चिखलाच्या पट्ट्यापलीकडे असते.

एक गोष्ट चिपळूणकरांसाठी मुद्दाम. ही शीट पूर बघायला वापरू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर कितीतरी जणांनी टोपोशीट काढून आपले घर कुठल्या रेषेवर आहे ते शोधले. शहराचा सखल भाग पहिल्या २० मीटरच्या कंटूरच्या आतच येतो. बाजारपेठेत दोन मीटर पाणी आणि सात मीटर पाणी यातला फरक या नकाशावर दिसूच शकत नाही. त्यासाठी मीटरपेक्षा कमी अंतराची उंची लागते, ती नगररचनेच्या किंवा पूररेषेच्या सर्वेक्षणातच मिळते.

आता जिथे शीट कच्ची आहे तिथे. सर्वांत आधी कोपऱ्यातली सर्वेक्षणाची आणि आवृत्तीची वर्षे वाचावीत. ती दोन वेगळी वर्षे असतात. आवृत्ती नवी असली तरी जमिनीवरची मूळ मोजणी जुनी असू शकते. तारखांवर विश्वास नसेल तर नकाशालाच विचारावे. चिपळुणातून कोकण रेल्वे जाताना दिसते का? पूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. नसेल दिसत, तर रस्ते-वस्त्या त्याआधीच्या. मुंबई-गोवा महामार्गाला १७ लिहिले आहे की ६६? नवा क्रमांक २०१० च्या फेररचनेतला. कोयनेचा शिवसागर आहे का? धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. या तीन प्रश्नांत शीटचे वय कळते.

वस्त्या. कोयनेचे पाणी आणि नंतर अभयारण्य यामुळे धारेच्या पूर्वेची अनेक गावे हलली. कोयना अभयारण्य १९८५ चे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. नकाशावर वाडीचे लाल चौकोन आणि नाव तसेच उरलेले असू शकते, तिथे गेल्यावर जोते आणि आंब्याची दोन झाडे. ज्या धनगरवाड्यावर दूध आणि रस्ता दोन्ही मिळेल असे धरून बेत आखला तो पंचवीस वर्षांपूर्वीच उठलेला असतो. खालच्या अंगाला उलटे घडते, रस्त्याकडे नव्या वाड्या सरकल्यात आणि त्या कागदावर नाहीत. नावे रोमन लिपीत छापलेली असल्याने विचारपूस करताना उच्चाराची गडबड होते. गावातल्या माणसाला कागद दाखवण्याआधी नाव देवनागरीत लिहून घ्यावे, महसूल खात्याच्या ऑनलाइन गावनकाशावर ते बरोबर सापडते.

वाटा. तांबड्या तुटक रेघांनी पाऊलवाटा आणि बैलवाटा दाखवलेल्या असतात. कोकणातून घाटावर जाणाऱ्या कितीतरी वाटा त्यात दिसतात आणि बघणाऱ्याला हुरूप येतो. पण वाट जिवंत राहते ती वर्दळीने. वरचे गाव उठले की मीठ, तांदूळ, सोयरीक सगळेच थांबते आणि दोन पावसाळ्यांत कारवी वाट गिळते. कारवीच्या रानात डोक्याच्या वर काटक्या, पुढचे दोन मीटर दिसत नाहीत, तासाला अर्धा किलोमीटर झाला तरी खूप. तुटक रेघ म्हणजे ‘इथे वाट होती, म्हणजे इथून कातळ फुटतो’ एवढाच अर्थ घ्यावा. तो अर्थही फार मोलाचा आहे, फक्त त्यावर वेळेचा हिशेब बांधू नये. शिवाय चिन्हाची जाडी लक्षात घ्या. कागदावरची १ मिमी रेघ जमिनीवर ५० मीटर होते, त्यामुळे वाट ओढ्याच्या डाव्या अंगाला की उजव्या, हे नकाशावरून ठामपणे सांगता येत नाही.

झाडोऱ्याचा हिरवा रंग तर सर्वांत फसवा. जंगल किती दाट ते रंगावरून कळत नाही, मध्ये कुठे तरी ‘डेन्स मिक्स्ड जंगल’ किंवा ‘ओपन स्क्रब’ असे छापलेले असते, ते वाचावे. त्यातही कोकणच्या अंगाला बदल मोठा. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस डोंगरांवर काजू-आंब्याची कलमे चढली. कागदावर उघडा सडा, जागेवर गडगा घातलेली काजूची बाग आणि कुलूपबंद फाटक, असे वारंवार घडते. आरक्षित वनाची हद्द नकाशावर असते, पण ती अभयारण्याची किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राची हद्द नव्हे. चोरवणेकडून नागेश्वर-वासोटा करायचा तर वन विभागाची परवानगी लागतेच, पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, मुक्कामाला मनाई आहे. नकाशात हद्द दिसली नाही ही सबब चालत नाही.

खुल्या मालिकेत धोरणाप्रमाणे संवेदनशील ठिकाणे दाखवली जात नाहीत. कोयनेच्या परिसरात हे ध्यानात ठेवावे. कागदावर मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात बंदी असलेली असू शकते.

आता मोबाइल आणि शीटची सांगड. इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या बहुतेक दोनच प्रकारच्या. पहिली, अंश-मिनिटांची. मोबाइल दशांशात अंश देतो, नकाशाच्या कडेला मिनिटे असतात. वासोट्याचा ठिकाणा सुमारे १७.६६३, ७३.६९७. दशांश भागाला ६० ने गुणले की मिनिटे: १७°३९.८', ७३°४१.८'. या अक्षांशावर एक मिनिट अक्षांश कागदावर ३.६९ सेंमी, एक मिनिट रेखांश ३.५४ सेंमी. कडेला पाच-पाच मिनिटांच्या खुणा असतात, तिथून मोजायचे. ७३°४०' च्या रेषेपासून उजवीकडे ६.४ सेंमी, १७°४०' च्या रेषेपासून खाली ०.८ सेंमी, तिथे गड. पट्टी आणि पेन्सिल, बस्स. दशांश हीच मिनिटे समजून कोणी ७३.४१ ला ७३°४१' मानले तर चूक २९ किमीची, अख्खी एक शीट. बचाव पथकाला फोनवर ठिकाण सांगताना हे घडले तर काय होईल ते सांगायला नको. ठिकाण सांगताना ‘अंश दशांशात’ की ‘अंश-मिनिटे’ हे शब्द तोंडाने उच्चारावेत.

दुसरी चूक डेटमची. ओएसएम डब्ल्यूजीएस-८४ वर आहे, मोबाइलही त्यावरच, म्हणून जुळते. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर होत्या. दोन्हींतला फरक या भागात सव्वाशे-दीडशे मीटरच्या घरात येतो, कागदावर अडीच-तीन मिमी. पठारावर हे चालून जाते. कोकणकड्याच्या कडेवर एवढ्या अंतरात माणूस कड्याच्या आत की बाहेर हे ठरते.

शीट मोबाइलवर चढवायची तर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जिओरेफरन्सर’ उघडून चौकटीचे चार कोपरे आणि पाच-पाच मिनिटांचे छेद मिळून सोळा बिंदू द्यावेत. लक्ष्य प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर, कोड ३२६४३. नुसते चार कोपरे दिले की स्कॅनमधला ताण मध्यभागी तसाच राहतो. सोळा बिंदूंत एखाद्याची चूक बाकीच्यांपेक्षा ठळक दिसली तर बहुधा आकडा टाइप करताना गडबड झालेली असते, तो बिंदू परत तपासावा. चौकटीच्या बाहेरचा मजकूर कापून टाकला की शेजारच्या शीटशी शिवण नीट बसते. मग टाइल्स करून फोनमध्ये घालायच्या. खोऱ्यांमध्ये रेंज नसते, त्यामुळे ऑफलाइनला पर्याय नाही.

कंपासचे फारसे टेन्शन नको. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक कोकणात एका अंशाच्या आतच आहे. यूटीएमची जाळी खऱ्या उत्तरेपासून या शीटवर जेमतेम ०.४ अंश ढळते. दोन्ही मिळून हाताच्या थरथरीपेक्षा कमी. मात्र बेसॉल्टच्या कातळाला टेकवून कंपास वाचू नये, दोन पावले मागे येऊन वाचावा.

अंतर मोजायला चाकाचे यंत्र नसेल तर ओला सुती दोरा वाटेच्या वळणांवर बसवून तो पट्टीवर धरावा. ५ सेंमी दोरा म्हणजे अडीच किमी. घाटाची नागमोड १:५०,००० वर सरळ होऊन येते, म्हणून चढावर निघेल त्याच्या सव्वा ते दीडपट धरावे. वेळेसाठी सपाटीला तासाला ५ किमी आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास हा प्रचलित ठोकताळा आहे. तो थंड, उघड्या डोंगरासाठी बनला. मार्चच्या कोकणात, पाठीवर ओझे आणि वाट मोडकी, तर निघालेल्या वेळेची दुप्पट करा आणि पाणी माणशी चार लिटरच्या खाली आणू नका.

पर्यायांचा हिशेब थोडक्यात. गूगलचे उपग्रह चित्र आज वाडी कुठे आहे आणि रस्ता कुठपर्यंत गेला ते सांगते, म्हणून शीटच्या कच्च्या बाजूला तेच औषध. पण झाडीखालची जमीन त्यात दिसत नाही आणि कड्याच्या सावलीत सगळे काळे. ओपनस्ट्रीटमॅपवर बेतलेल्या अॅपमध्ये ट्रेकर्सनी चालून नोंदवलेल्या वाटा मिळतात, त्या बहुतेक वेळा टोपोशीटपेक्षा ताज्या. त्यांचे कंटूर मात्र बहुधा फेब्रुवारी २००० मधल्या शटल रडार मोहिमेतून आलेले. ३० मीटरच्या चौकटी, झाडांचे शेंडे जमीन म्हणून मोजलेले, कडे गुळगुळीत झालेले. त्या अॅपमध्ये कोकणकडा हा उतार वाटतो, तिथे टोपोशीट खरी. अमेरिकी लष्कराचे १९५० च्या दशकातले १:२,५०,००० चे नकाशेही नेटवर फुकट आहेत. चालायला निरुपयोगी, पण धरणाआधीचे कोयना खोरे त्यात सापडते, आणि उठलेल्या गावांची नावे हवी असणाऱ्याला ते खजिनाच वाटतील.

घ्यावी का? कोकणातून धारेवर चढणाऱ्या कुणीही घ्यावी, सोबत ४७ जी/१४ जरूर, कारण काही बिनसले आणि पूर्वेला पाण्याकडे उतरावे लागले तर पुढची जमीन तिच्यावर आहे. नुसते चिपळूण ते परशुराम फिरणाऱ्याला फोन पुरे. गावाच्या पाणी योजनेसाठी जागा शोधणाऱ्यांनी शीटवर पाणलोटाची रेघ पेन्सिलने काढून घ्यावी, तेवढे ती चोख करते, आणि विहिरीची जागा मात्र मे महिन्यात प्रत्यक्ष जाऊनच ठरवावी. छापील प्रत हवी असेल तर ती सर्वेक्षण विभागाच्या पुण्याच्या कार्यालयातून मिळते. पीडीएफ घेऊन सिंथेटिक कागदावर छापणे आम्हाला जास्त सोयीचे वाटते, कारण एक प्रत भिजली-हरवली तरी दुसरी काढता येते आणि बदललेल्या वाटा, उठलेल्या वाड्या, आटलेले झरे यांच्या नोंदी तारखेसह प्रत्येक मोसमात नव्या प्रतीवर उतरवता येतात.